पाहायची कोबी

जगात अळीची बदली करणारा एकच माणूस होऊन गेला, आणि ते माझे मामेसासरे होते. बाकीचे लोक अळ्या चिरडतात, राखेत लोळवतात, नाहीतर कोंबडीपुढे टाकतात. मामाजी त्यांची दुसरीकडे नेमणूक करत. गडचिरोलीच्या जंगल कचेरीत ते हेडक्लार्क होते. तालुक्यातल्या यच्चयावत गार्डांच्या आणि फॉरेस्टरांच्या बदल्यांचे कागद त्यांच्याच टेबलावरून जात, त्यामुळे नकोसा जीव समोर आला की त्याचं काय करायचं, याचं एकच उत्तर त्यांच्या हाताला ठाऊक होतं. सकाळी सात वाजता अंगात काळा कोट, डोक्याला काळी टोपी आणि हातात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा अशी त्यांची उंच, काटकुळी आकृती कठाणी नदीच्या रस्त्याला लागली, की लोक बाजूला होऊन वाट देत. डब्यात वीस-पंचवीस अळ्या असत आणि त्यांना वाटेत भूक लागू नये म्हणून कोबीचं एक पान.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी आमच्या ह्यांना गडचिरोलीच्या शाळेत मास्तरकी मिळाली. मामाजींना मूलबाळ नव्हतं. सरकारी क्वार्टरच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या. दसऱ्याच्या सुमारास आम्ही सामान घेऊन पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसाचं दार उघडलं तर समोर चार बांबूंना बांधलेली भली मोठी पांढरी मच्छरदाणी. आत कोणी झोपलं असेल म्हणून मी डोक्यावरचा पदर सावरला. आत अर्धे कापलेले रॉकेलचे बारा डबे होते, आणि प्रत्येक डब्यात हिरव्या पानांचं एकेक रोप. मच्छरदाणीबाहेर उकिडवे बसलेले मामाजी, त्यांच्या तोंडावर डासांच्या चाव्यांच्या गांधी. मी वाकून नमस्कार केला.

"हळू, सूनबाई," ते म्हणाले, "वारा लागला का दाणी हालते. मंग फुलपाखरू आत घुसते."

ही मच्छरदाणी त्यांच्या पलंगावरची होती. पांढरं फुलपाखरू कोबीवर अंडी घालतं, अंड्यांतून अळ्या निघतात, म्हणून मामाजींनी ती काढून कोबीला दिली होती आणि स्वतः डासांच्या स्वाधीन झाले होते. मामीजी मोठ्या शहाण्या. त्या डोक्यापासून पायापर्यंत जुनं लुगडं गुंडाळून झोपत आणि म्हणत, "माह्या जागी कोबी असती तर बरं झालं असतं बाई. दाणीत तरी झोपली असती."

कोबी आली कुठून, तर बदलीतूनच. जंगल खात्याचे एक मोठे साहेब बदलून चालले होते. त्यांच्या सामानाची बांधाबांध मामाजींनी जातीनं उभं राहून करून घेतली, तेव्हा साहेबांच्या बाईंनी जाताना बियांचं एक पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. पाकिटावर रंगीत चित्र होतं. कोबीच, पण गुलाबासारखी उमललेली. बाहेरची पानं हिरवी, झालरीसारखी, आणि मधोमध गडद जांभळा रंग. ते चित्र मामाजींनी कापून देवघरात लावलं नाही एवढंच. कोटाच्या आतल्या खिशात मात्र ते कायम असे, आणि कचेरीत कोणी रजेचा अर्ज घेऊन आला की आधी त्याला ते चित्र पाहावं लागे.

गावाची पंचाईत अशी, की या कोबीचं करायचं काय ते कोणालाच कळेना. येणारा-जाणारा कुंपणाशी थांबे आणि विचारी, "भाऊ, याची भाजी होते का?"

"नाई."

"मंग काऊन लावली?"

"पाहाले."

"पाहाले?"

"पाहाले!"

एवढं बोलून मामाजी असे बघत की विचारणाऱ्याला आपणच काही कमीजास्त बोललो असं वाटे. मामीजींना मात्र ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं. कोबी आहे म्हणजे तिची चव असणार, आणि चव आहे तर ती कळली पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब. फोडणी घालताना त्यांची नजर खिडकीतून परसाकडे जाई. "एक पान," त्या हळूच म्हणत, "फक्त एक पान. वाटाण्यासंगं." तेवढ्यात परसातून मामाजींचा आवाज येई, "मी आयकून राह्यलो."

मच्छरदाणी असूनही अळ्या होतच. त्या कुठून येत देव जाणे. मामाजी चिमट्यानं एकेक उचलत, डब्यात ठेवत आणि नदीकाठच्या रानमोहरीवर नेऊन सोडत. मी पहिल्यांदा अळी पाहिली तेव्हा किंचाळून चप्पल उचलली होती. मामाजींनी माझा हात धरला. "तिचा काय गुन्हा हाये? तिले जागा चुकीची मिळाली. अर्ज-विनंत्या काई नाई, सीधी बदली करू." पण महिनाभरात त्यांना एक संशय छळू लागला. रोज पंचवीस अळ्या नदीवर जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस हजर. तेव्हा त्यांनी कचेरीतून लाल शाई आणली, टाकाच्या टोकानं प्रत्येक अळीच्या पाठीवर एक ठिपका दिला आणि डबा भरला. नेमका त्या दिवशी कचेरीत तपासणी होती. त्यांनी डबा मामीजींकडे दिला आणि नदीवर न्यायला बजावून ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून हाक आली. आम्ही धावलो. पाचव्या डब्यातल्या कोबीवर एक लाल ठिपक्याची अळी आरामात पान खात होती.

"पायलं?" मामाजींचा आवाज कापत होता. "रुजूच नाई झाली! हुकूम हातात असून परत आली!"

आमच्या ह्यांनी हसू दाबायला उपरणं तोंडात कोंबलं. मामाजींनी पुढे दोन दिवस अळ्यांना दिशा कशी कळते, त्यांना वास येतो की सूर्यावरून ओळखतात, यावर असा विचार केला की जेवणात लक्ष राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मामीजींना त्यांची दया आली. "मी काय सकाळच्या पारी नदीवर जाऊ?" त्या म्हणाल्या. "त्या वळवळीचा डबा घेऊन? कुंपणामागं ओतला." त्या दिवसापासून अळ्यांचा डबा मामाजींनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही.

अळ्यांच्या मागोमाग आली बकरी. शेजारी एक टेलर मास्तर राहत, बोटभर दाढी, गळ्यात टेप, स्वभावानं अगदी साखर. त्यांच्या बकरीचं नाव बिजली. दिवाळी झाली आणि एका दुपारी बिजलीनं कुंपणातून डोकं घातलं, मच्छरदाणीचा हातभर तुकडा खाल्ला आणि त्या भोकातून दोन कोबी खाल्ल्या. मामाजी कचेरीतून आले ते थेट मास्तरांच्या दुकानात. मास्तर मशीनवरून उठले, हात जोडले.

"भाऊ, गलती झाली. पर बकरी हाये जी. पाहायची कोबी कोणती आन् खायची कोणती, हे तिले कोण सांगणार?"

हे काही चुकीचं नव्हतं, पण सगळं गाव तेच तर म्हणत होतं, आणि मामाजींना ते आता बकरीच्या बाजूनंही ऐकावं लागलं. त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. एवढंच नाही, मास्तरांनी शिवलेला काळा कोट उतरवून ट्रंकेत ठेवला आणि ऐन गारठ्याच्या दिवसांत ते धोतर-सदऱ्यावर कचेरीत जाऊ लागले. अडचण एकच झाली. मच्छरदाणीचं भोक शिवायला गावात दुसरा टेलर नव्हता. मामीजींनी ती गुपचूप कुंपणावरून मास्तरांकडे दिली. मास्तरांनी इतकी सुबक रफू करून परत दिली की मामाजी दोन दिवस मामीजींच्या शिवणाची तारीफ करत होते.

आता खरा प्रश्न होता रंगाचा. ही कोबी कडक थंडी पडल्याशिवाय रंगत नाही, असं पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं आमच्या ह्यांनी त्यांना वाचून दाखवलं होतं. तोवर ती साध्या कोबीसारखी हिरवीच दिसायची, आणि लोक कुंपणाशी येऊन आता हसायला लागले होते. मामाजी थंडीची वाट पाहू लागले. म्हातारी माणसं खोकू लागली की यांचा चेहरा खुले. शेकोटीभोवती बसलेल्यांना ते विचारत, "काल कसं वाटलं? हात बधिर झाले का?" आणि कोणी "नाई जी, एवढी नाई थंडी," म्हणाला की निराश होऊन पुढे जात. अशात एका सकाळी ते अंथरुणातूनच ओरडू लागले, "सूनबाई! आली! थंडी आली! पाह्य कसा कापून राह्यलो! दात वाजून राह्यले! जा, रंग पाह्य!" मी परसात जाऊन आले. छान ऊन पडलं होतं. मामीजींनी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तडक डॉक्टरांकडे माणूस पाठवला. डासांनी दोन महिन्यांचं काम पुरं केलं होतं, मामाजींना हिवताप झाला होता. चार गोधड्यांखाली ते थडथडत होते आणि दर हुडहुडीला समाधानानं म्हणत होते, "चालू दे... चालू दे..."

ताप आठ दिवसांनी उतरला. ते भिंत धरून पहिल्यांदा परसात गेले ती सकाळ मला आठवते. मी भाकरी थापत होते. बाहेरून काही हाक नाही, काही नाही. इतका वेळ कसा लागतोय म्हणून मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. मामाजी मच्छरदाणीचं एक टोक वर धरून उभे होते. दहाच्या दहा डब्यांत मधली पानं जांभळी झाली होती. काहींत गुलाबी शिरा, एकीच्या मध्ये दुधासारखा पांढरा रंग आणि त्याला जांभळी कड. दंव पडलेलं होतं. तोपर्यंत मीही त्यांना मनातून हसतच आले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. हातावरचं पीठ वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मामीजी मागून आल्या, वाकून पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "बाई गं." वाटाण्याचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

मग मामाजींनी ठरवलं की कोबी चांद्याला न्यायची. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. तिथे शेतमालाचं प्रदर्शन भरणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी मामाजी रजेची व्यवस्था करायला कचेरीत गेले, मामीजी हळदीकुंकवाला गेल्या, आणि राखण माझ्याकडे आली. थंडीत फुलपाखरं उरली नव्हती, म्हणून मच्छरदाणी काढून टाकलेली. मी उन्हात खाट टाकून बसले होते. चुलीवर दूध होतं ते उतू जाईल म्हणून आत गेले, भांडं उतरवलं, हात पुसला आणि बाहेर आले, तोवर चिंचेवरून वानरांची टोळी परसात उतरली होती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची दहा-बारा वानरं. प्रत्येकानं एकेक डबा गाठला होता आणि पाहुणे पंगतीला बसावेत तशी ती पानं तोडून खात होती. मी काठी उचलली. मोठ्या हुप्प्यानं माझ्याकडे बघून दात दाखवले. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली.

कुंपणावरून टेलर मास्तर उडी मारून आले. एका हातात कापड मोजायचा लोखंडी गज आणि दुसऱ्या हातात कोणाचा तरी अर्धवट शिवलेला पायजामा. तो पायजामा त्यांनी निशाणासारखा डोक्यावर फिरवायला सुरुवात केली आणि "हट! हट! हैवान!" असं ओरडत ते सरळ हुप्प्यावरच धावले. हुप्प्यानं क्षणभर विचार केला, पायजामा मास्तरांच्या हातातून हिसकला आणि तो घेऊन चिंचेवर गेला. त्याच्यामागे सगळी टोळी पळाली. पण तोवर सहा कोबींचे नुसते दांडे उरले होते. चार वाचल्या.

मामाजी संध्याकाळी आले तेव्हा मी दाराशीच रडत बसले होते. तीन महिने त्या माणसानं डासांना रक्त दिलं होतं, आणि मी एका दुधाच्या भांड्यापायी... त्यांनी परसात जाऊन पाहिलं. परत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले.

"तुले तर नाई ना चावले?"

मी मान हलवली.

"मंग झालं." ते उठले, ट्रंक उघडली, काळा कोट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि कुंपण ओलांडून मास्तरांच्या दुकानात गेले. मी खिडकीतून ऐकत होते. मशीनची खडखड थांबली.

"मास्तर," मामाजी म्हणाले, "पायजामा कोणाचा होता?"

"तहसीलच्या चपराशाचा, भाऊ."

"त्याले मी सांगतो. आन् उद्या चांद्याले चला. चार डबे हायेत. आमी तिघं हाओ. चौथा हात पायजे."

ह्यांना शाळा होती. म्हणून मामाजी, मामीजी, मास्तर आणि मी, प्रत्येकाच्या मांडीवर एकेक कोबी, असे आम्ही निघालो. बैलगाडीनं घाटापर्यंत, डोंग्यातून वैनगंगा ओलांडून, आणि पलीकडून मोटर. मोटरवाल्यानं डबे टपावर टाकायला सांगितलं तेव्हा मामाजींनी "मंग मी बी टपावर बसतो," असं म्हणून चढायला सुरुवात केली, आणि त्यानं मुकाट्यानं आम्हाला डब्यांसकट आत घेतलं.

चांद्याला नवीनच फजिती. भाजी विभागाच्या गृहस्थांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "खातात का?" मामाजी सवयीनं "नाई" म्हणाले. "मग ही भाजी नाही. फुलांकडे जा." फुलांच्या विभागात एक बाई होत्या. त्यांनी पान बोटानं चाचपलं. "हे फूल कुठाय? ही तर पानं आहेत. भाज्यांकडे जा." दोन्ही मांडवांमध्ये आम्ही चौघं डबे कवेत धरून तीन फेऱ्या मारल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना इकडून तिकडे धाडणाऱ्या मामाजींना आपल्याला कुठेच जागा नाही हा अनुभव नवा होता. त्यांचं तोंड एवढंसं झालं. शेवटी मास्तरांनीच दारापाशी, पिण्याच्या पाण्याच्या रांजणाशेजारी, एक रिकामं बाकडं हेरलं आणि आम्ही डबे तिथे मांडले.

आणि मग गंमत अशी झाली की प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाला तहान लागली. माणूस पाणी प्यायला वाके, त्याची नजर कोबीवर पडे आणि पेला हातात तसाच राही. दुपारपर्यंत बाकड्याभोवती ही गर्दी. मास्तर गज नसूनही गज असल्यासारखा हात फिरवत सांगत होते, "दूर से, दूर से! ये भाजी नाई, फूल बी नाई. ये भाऊंची कोबी हाये." मामाजी मागे हात बांधून उभे, कोटाची सगळी बटणं लावलेली. बक्षीस एका भोपळ्याला मिळालं. मामाजींनी मामीजींना आणि मला घेऊन जाऊन तो भोपळा पाहिला आणि "मोठा हाये," एवढंच म्हणाले.

तोवर इकडे घात झाला होता. पाहुण्यांच्या जेवणाचा आचारी भाजी कमी पडली म्हणून बाहेर आला होता. रांजणाशेजारी कोबी दिसली, त्यानं एक उचलली आणि चिरून कढईत टाकली. मास्तर रिकाम्या रांजणासाठी विहिरीवरून पाणी आणायला गेले होते, त्यांना आल्यावर तीनच डबे दिसले. ते आणि मामीजी तडक स्वयंपाकाच्या मांडवात गेले. थोड्या वेळानं मामीजी एकट्याच परत आल्या, पदरानं ओठ पुसत. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांचा प्रश्न होता तो, त्यांनाही राहवेना.

"कशी लागते?"

"कडू," मामीजी म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "बरं केलं तुमी. पाहालेच बरी हाये."

परतताना घाटावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. डोंगा हाकणाऱ्या ढिवराची बायको काठावर जाळं उकलत बसली होती. तिनं डब्यांकडे पाहिलं, उठून जवळ आली, आणि मामाजींना विचारलं, "हे काय खाते जी?"

मामाजी थबकले. ही खातात का, हे त्यांना तीन महिन्यांत अख्ख्या तालुक्यानं विचारलं होतं. ही काय खाते, हे विचारणारी ती पहिली. ते वाळूत बसले आणि तिला शेणखत, राख, पाणी किती, ऊन किती, सगळं सांगत राहिले. पलीकडे गाडीवान हाका मारून थकला. शेवटी पांढऱ्या मधाची, जांभळ्या कडेची, सगळ्यांत देखणी कोबी त्यांनी तिच्या झोपडीच्या दाराशी ठेवली. उरलेल्या दोघींतली एक मास्तरांना गेली, एक मला.

मास्तरांची आणि माझी, दोन्ही कोबी माघ सरता सरता मधूनच उंच वाढू लागल्या, आकार बिघडला. "संपली आता," असं म्हणून मामाजींनी त्या स्वतः उपटल्या. फाल्गुनात मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी वरोऱ्याला निघाले. मामाजी आणि मामीजी घाटापर्यंत पोचवायला आले. झोपडीच्या दाराशी तो रॉकेलचा डबा होता. त्यातला दांडा कमरेइतका वाढला होता, आणि वरपासून खालपर्यंत बारीक पिवळ्या फुलांनी लगडला होता. वाऱ्यानं हलत होता.

"उपटली काऊन नाई?" मामाजींनी विचारलं.

"कायले उपटू जी?" ढिवरीण म्हणाली. "वर जाऊन राह्यली होती. जाऊ देली."

मामाजींनी टोपी काढली आणि डब्यासमोर वाळूत बसले. डोंगा भरला. ढिवर वल्हं टेकवून उभा होता. माझं सामान आत होतं, पलीकडे मोटर भोंगा वाजवत होती. मी नमस्कार करायला थांबले होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. मी मामीजींकडे पाहिलं.

"बसू दे त्यायले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू जा माय. सांभाळून जा."

मी बाळाला घेऊन परत आले तोवर मामाजींची पेन्शन झाली होती, क्वार्टर सोडून ती दोघं त्यांच्या भावाकडे गेली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंतसुद्धा मामाजी जगले नाहीत. म्हणून त्या दिवशी डोंगा मधोमध आला तेव्हा मी वळून पाहिलं, ते बरं झालं असं वाटतं. काठावर मामाजी तसेच बसलेले होते. मामीजी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या होत्या, आणि दोघं त्या पिवळ्या फुलांकडे बघत होती.